बारा फुटी वाफा आणि हंगामी फुलं: कामाच्या नोंदी

सुरुवातीलाच दोन गोष्टी. पैशांचे आकडे दिलेले नाहीत, ते जागेप्रमाणे बदलतात; त्याऐवजी पाकिटं, घमेली आणि तास मोजले आहेत. आणि दिवसांचे आकडे पहिली कुदळ मारल्यापासूनचे आहेत. कोणतं रोप किती दिवसांचं होतं ते त्यामुळे चटकन काढता येईल.

दिवस १

फाटकातून आत आलं की डाव्या हाताला भिंतीलगत १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद पट्टा रिकामा पडून आहे. ऊन दिवसभरात चार वेळा जाऊन पाहिलं. उजवीकडच्या ९ फुटांना सहा तासांहून जास्त, डावीकडच्या ३ फुटांना झाडाच्या सावलीमुळे जेमतेम साडेतीन. हे वहीत लिहून ठेवलं आणि पुढे सोयीस्करपणे विसरले.

निचरा पाहायला फूटभर खोल खड्डा घेतला. एकदा पाणी भरून जिरू दिलं, मग पुन्हा भरून पट्टी लावली. तासाभरात पाणी इंचभर उतरलं. चांगलं नाही, पण चालेल असं.

मग त्याच उत्साहात खणायला घेतलं, आणि इथे पहिली चूक. आदल्या दिवशी जमीन मऊ व्हावी म्हणून भरपूर पाणी सोडलं होतं. चिकण माती ओली असताना खणली की ढेकळं निघतात आणि ती वाळली की विटेसारखी होतात. मूठभर माती दाबायची, बोटाने ढकलायची. फुटली तर खणायचं, गोळा तसाच राहिला तर घरात जायचं. मला हे माहीत होतं. तरी खणलं. चार तास गेले.

दिवस ३

ढेकळं वाळू देत ठेवली आणि बिया पेरायला घेतल्या. घरात असलेली पाकिटं: मखमली झेंडू (बुटका, नारिंगी), झिनिया (मिश्र रंग), पिटुनिया (मिश्र रंग), लाल साल्व्हिया, स्वीट ॲलिसम (पांढरं, एकच पाकीट), कॉसमॉस (गुलाबी). कॉसमॉस थेट वाफ्यात टाकणार, बाकी सगळं आज ट्रेमध्ये. कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं.

झेंडू आणि झिनिया पाव इंच खोल. पिटुनियाची बी झाकायची नसते, तिला उगवायला उजेड लागतो. ती इतकी बारीक असते की एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया मावतात. पाकीट उघडलं, बोटाने टिचकी मारली आणि अर्धं पाकीट ट्रेच्या एका कोपऱ्यात पडलं. गोळा करणं शक्यच नव्हतं. असू दे म्हटलं, दाट उगवतील.

सगळ्या बिया एकाच दिवशी पेरल्या ही दुसरी चूक. ती कळायला अजून दोन महिने आहेत.

दिवस ८

झेंडू वर. झिनिया वर. झेंडू ६० पेरले, ५२ उगवले. झिनिया कागदी कपांत एकेक बी टाकून ४० होते, ३६ आले. झिनियाला मुळं हलवलेली आवडत नाहीत, म्हणून कप. हा एक निर्णय बरोबर निघाला.

दिवस १४

पिटुनिया दिसायला लागली. हिरवी शेवाळ पसरावी तशी, एका कोपऱ्यात. साल्व्हियाची तुरळक रोपं.

ढेकळं फोडून वाफ्यात शेणखताचा दोन इंच थर दिला. ४८ चौरस फुटांना दोन इंच म्हणजे ८ घनफूट, माझ्या घमेल्याने सोळा घमेली. मी आधी पाच घमेल्यांचा अंदाज बांधला होता. खत आणायला दोनदा जावं लागलं.

दिवस १७

सकाळी ट्रे पाहिला तर पिटुनियाच्या दाट कोपऱ्यात टकलासारखी गोल जागा झालेली. जवळून पाहिलं. रोपं आडवी पडली होती, पण पानं हिरवीच. मातीला टेकते तिथे दांडी दोऱ्यासारखी बारीक आणि तपकिरी. चिमटीत धरून उचललं तर मूळ मातीतच राहिलं. संध्याकाळपर्यंत टक्कल दुप्पट झालं.

हा रोपं कोलमडण्याचा रोग. मातीतल्या बुरशीला ओलावा, गर्दी आणि कोंदट हवा लागते, आणि मी तिन्हींची सोय केली होती: दाट पेरणी, वरून फवारा, शिवाय ओल टिकावी म्हणून ट्रेवर प्लास्टिक. उगवण झाली की प्लास्टिक काढायचं असतं. मी नऊ दिवस पुढे ठेवायचं ठरवलं होतं. पडलेल्या रोपांना औषध नाही. दोनेकशेतली ११ वाचली, तीही दूरच्या कडेला चुकून पडलेल्या बियांची.

दिवस १८

पिटुनिया पुन्हा. दुसरं पाकीट. या वेळी बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळली, कागदाची घडी घातली आणि घडीच्या टोकातून हळूहळू सोडत गेले. वाळू फिकी असल्याने कुठे पडली ते दिसतं. ट्रे धुऊन उन्हात वाळवला, मिश्रण नवं. पाणी वरून नाही: ट्रे उथळ पाण्यात ठेवायचा, वरची माती गडद झाली की बाहेर काढायचा. प्लास्टिक पहिलं हिरवं टोक दिसेपर्यंतच.

पंधरा दिवस मात्र गेले ते गेलेच.

दिवस २३

वाफा हिरवागार. तणाने. शेणखत पुरतं कुजलेलं नव्हतं, त्यातून बी आलं. चांगलं कुजलेलं खत काळसर, भुसभुशीत असतं आणि त्याला वास मातीचा येतो. माझ्या खतात काड्या ओळखू येत होत्या.

बाबा म्हणाले, "उपटू नकोस, आणखी पाणी दे." चेष्टा वाटली. पण त्यांचं म्हणणं असं, की वरच्या थरातलं जेवढं तण उगवायचं आहे तेवढं आत्ताच उगवू दे, मग खुरप्याने वरचा अर्धा इंचच खरवड. खोल खणलंस तर खालचं बी वर येईल. आठवडाभर पाणी दिलं, खरवडलं. पुढच्या चार महिन्यांत तण काढायला फारसं बसावं लागलं नाही. अख्ख्या कामातला हा सर्वांत स्वस्त उपाय.

दिवस ३१

लागवड. मागे भिंतीलगत कॉसमॉसचं बी थेट, मध्ये झिनिया, त्यात अधूनमधून साल्व्हिया, आणि पुढच्या कडेला झेंडू, प्रत्येक दोन झेंडूंमध्ये पिटुनियासाठी जागा सोडून. ॲलिसमची मोजकी रोपं डाव्या टोकाला, कारण तिथे जागा उरली. झेंडूत ९ इंच, झिनियात १० इंच अंतर. रोपं समोरासमोर न लावता तिरकी, म्हणजे पुढच्या ओळीतलं रोप मागच्या दोघांच्या मधोमध. तेवढ्याच अंतरात तेवढ्याच जागेत साधारण १५ टक्के रोपं जास्त बसतात आणि माती लवकर झाकते.

रोपं आतापर्यंत सावलीत वाढली होती आणि मी ती दुपारी बारा वाजता उन्हात लावली. तिसऱ्या दिवशी झिनियाची पानं कागदासारखी पांढरी. आठ-दहा दिवस आधीपासून ट्रे रोज तासभर, दोन तास, मग अर्धा दिवस असे उन्हात सरकवायला हवे होते. झिनिया मेले नाहीत, पण नवी पानं येईपर्यंत जागच्या जागी उभे राहिले.

दिवस ३४

झेंडूची सहा रोपं नाहीत. म्हणजे खरंच नाहीत, नुसती दांडी. मी पक्ष्यांवर संशय घेऊन जाळी लावली. दुसऱ्या दिवशी आणखी आठ गेली. पानांवर चकचकीत रेघा दिसल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

रात्री नऊला बॅटरी घेऊन गेले. भिंतीच्या खालच्या विटेवर गोगलगाई ओळीने उतरत होत्या. पहिल्या रात्री ४१, दुसऱ्या रात्री १९, पाचव्या रात्री ३. दिवसा लपायला त्यांना मीच जागा दिली होती: रिकाम्या कुंड्या भिंतीला टेकून ठेवलेल्या. त्या हलवल्या. सकाळचं पाणी द्यायला लागले, म्हणजे रात्री माती वरून कोरडी. झेंडू राहिले ३८.

दिवस ४२

शेंडे खुडले. झिनिया आणि पहिल्या खेपेतल्या ११ पिटुनिया. झेंडूत निम्मे खुडले, निम्मे तसेच ठेवले, फरक पाहायला. खुडताना जीव वर येतो हे खरं. काही शेंड्यांत कळी दिसत होती.

दिवस ५७

पहिले झेंडू फुलले, न खुडलेले. बाकी वाफ्यात एकही फूल नाही. इथे दिवस ३ ची चूक अंगावर आली. मखमली झेंडू पेरणीपासून पन्नास-साठ दिवसांत फुलतो, झिनिया त्याच्या जरा मागे, पण पिटुनियाला दहा-बारा आठवडे लागतात आणि साल्व्हियाही सावकाश चालते. एकाच दिवशी पेरलेली फुलं एकाच दिवशी येत नाहीत. सगळं एकत्र फुललेलं हवं असेल तर पेरणी मागून मोजत यायची: पिटुनिया आणि साल्व्हिया आधी, झेंडू-झिनिया महिन्याने. एवढं साधं गणित कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक पाकीट फक्त स्वतःपुरतं बोलतं.

दिवस ६८

खुडलेले झेंडू फुलले, अकरा दिवस उशिरा. एका खुडलेल्या झाडावर २३ फुलं-कळ्या मोजल्या, शेजारच्या न खुडलेल्यावर ९. यापुढे सगळे खुडणार.

झिनियाही फुलले, आणि खरी निराशा इथे झाली. लाल, गुलाबी, पिवळा, पांढरा, शेंदरी, किरमिजी, एकाशेजारी एक. जवळून प्रत्येक फूल सुंदर. फाटकातून पाहिलं तर रंगीत कागदाची कात्रणं उडून वाफ्यात अडकावीत तसं. पुढच्या कडेला झेंडू, रिकामी जागा, झेंडू, रिकामी जागा: किडके दात. फुलं भरपूर आणि रंग काहीच नाही, असं विचित्र दृश्य.

फूल जवळून दिसतं, वाफा लांबून. लांबून डोळ्याला सुटी फुलं कळत नाहीत, ताटवे कळतात. आणि ताटवा व्हायला एका रंगाची निदान सात-आठ रोपं एकमेकांना चिकटून लागतात. मी पाकिटावरच्या चित्राला भुलून "मिश्र" घेतलं होतं.

दिवस ७०

झेंडू हलवले. फुललेला झेंडू हलवता येतो, हे त्याचं मोठेपण. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी, सकाळी रुंद खुरप्याने मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचलायचा, नव्या खड्ड्यात लगेच पाणी. ३१ झाडं कडेवरून काढून तीन घोळक्यांत लावली, कडांना सरळ रेघ न ठेवता, एक घोळका दुसऱ्यात शिरेल असा. दोन दिवस दुपारी ओल्या गोणपाटाची सावली. चार गेली, सत्तावीस रुळली. चार तासांचं काम.

झिनिया हलत नाहीत म्हणून उलटा मार्ग धरला. मधल्या पट्ट्यात गुलाबी-किरमिजी जास्त होते, ते ठेवले. पिवळे आणि शेंदरी झिनिया फुलले की लांब दांडीसकट कापून फुलदाणीत. कापल्याने त्यांना फुटवे येतात, मग पुन्हा कापायचे. घरात फुलं, बाहेर शिस्त.

दिवस ७९

दुसऱ्या खेपेतली पिटुनिया (४६ रोपं) अजून लहान कुंड्यांतच ठेवली आहे, मुद्दाम. लावायची घाई केली असती तर रंग पुन्हा विखुरले असते. आता पहिली कळी उमलेपर्यंत थांबायचं, रंग पाहायचा, मग जांभळ्या एकीकडे, पांढऱ्या एकीकडे, गुलाबी एकीकडे. मिश्र पाकीट हातात असेल तर एवढाच उपाय आहे. कुंड्यांना रोज पाणी लागतं, हा त्याचा दंड.

दिवस ८३

लाल साल्व्हिया पूर्ण फुलली. सकाळी आठला वाफा पेटल्यासारखा दिसत होता. मी खूश. फोटो काढले.

संध्याकाळी सातला घरी आले, फाटकापाशी उभी राहिले. साल्व्हिया नव्हती. म्हणजे होती, पण काळी. मधे भोक पडल्यासारखी. किरमिजी झिनियाही बुडालेले. झेंडूचा नारिंगी मळकट. दिसत काय होतं? डाव्या टोकाला, सावलीत, कोणी विचारलंही नव्हतं तिथे, ॲलिसमची वीतभर पांढरी रेघ. आणि पहिल्या ११ पिटुनियांतल्या दोन पांढऱ्या.

बाबा पायरीवर बसून चहा पीत होते. "अगं, वाफा तू आखलास सकाळी," ते म्हणाले, "आणि बघतेस रोज संध्याकाळी."

यान पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १८१९ च्या सुमारास हेच टिपलं होतं: उजेड कमी झाला की लाल आधी काळवंडतो, निळा आणि हिरवा त्या मानाने उजळ वाटतात. अंधुक प्रकाशात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. मला हे कळायला ८३ दिवस आणि वीस साल्व्हिया लागल्या.

दिवस ८५

दुरुस्ती. ॲलिसमचं आणखी एक पाकीट आणून पुढच्या कडेने थेट वाफ्यात भुरभुरवलं, माती न टाकता नुसतं दाबलं. फुलायला सहा आठवडे तरी लागतील. तोवर पांढरी आणि फिकी पिटुनिया रंग दाखवेल तशी साल्व्हियाच्या पुढे येईल. साल्व्हिया काढणार नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती लागते.

दिवस ९५

झिनियाच्या खालच्या पानांवर तपकिरी ठिपके. मी झारीने वरून पाणी देत होते आणि मातीचे शिंतोडे पानांवर उडत होते. रोगट पानं काढून कचऱ्यात (कंपोस्टमध्ये नाही). झारीची जाळी काढली, पाणी बुडाशी. वाळलेल्या पानांचं दोन इंच आच्छादन, दांड्यापासून दोन बोटं लांब. वरची नवी पानं स्वच्छ आली.

सावलीतल्या तीन फुटांत मात्र झिनियांवर भुरी पडली आहे, पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी. ती लांबट, अशक्त झाडं उजेडाकडे मान काढून उभी आहेत. दिवस १ ला वहीत लिहिलं होतं: साडेतीन तास. ती सहाही उपटली. पुढच्या खेपेला तिथे तेरडा, त्याला थोडी सावली सोसते.

दिवस १०१

कॉसमॉस पाच फूट, एक फूल नाही. कारण सोळा घमेली. कॉसमॉसला कसदार माती दिली की तो पाल्यातच रमतो. परवाच्या वाऱ्यात निम्मा झेंडूंवर आडवा झाला आणि दोन झेंडू मोडले. काठ्या रोवून सुतळीने आठाच्या आकड्यात बांधला, म्हणजे दांडी काठीवर घासत नाही. पाणी निम्म्यावर आणलं. पुढच्या वेळी मागच्या पट्ट्यात खत अजिबात नाही.

दिवस ११०

कॉसमॉस फुलला, उशिरा का होईना. दुसऱ्या खेपेची पिटुनिया रंगवार लागली: पांढऱ्या १७, जांभळ्या १४, गुलाबी १२, तीन मेल्या. जांभळ्यांना झेंडूला खेटून लावलं, आणि नारिंगी एकदम उठला. तोच झेंडू, पण शेजार बदलला.

आता रोजचं काम म्हणजे सुकलेली फुलं खुडणं. दहा मिनिटं. नुसत्या पाकळ्या ओढल्या तर उपयोग नाही, खालचा बीजकोश सकट तोडायचा. बी धरलं की झाडाला वाटतं काम झालं. मधे पाच दिवस बाहेर होते तर झेंडूवर सगळ्या तपकिरी बोंडी.

दिवस १२९

ॲलिसम भरला. पुढची कड पांढरी, सलग, आणि थोडा मधासारखा वास. संध्याकाळी सव्वासातला फाटकातून पाहिलं: पांढरी रेघ, तिच्यावर फिकी पिटुनिया, मागे कॉसमॉसचे फिकट ठिपके हलताना. साल्व्हिया अंधारात, असू दे.

पण झेंडू आता थकले आहेत. सगळं एकत्र उभं असल्याचे दिवस मोजले तर एकोणीसच.

दिवस १५२

आवराआवर. झाडं उपटली नाहीत, मातीलगत कापली. मुळं आत कुजू दिली. रोगट झिनिया तेवढे मुळासकट बाहेर.

झेंडूची कोरडी बोंडी चुरून बी काढलं, काळ्या सुया आणि टोकाला फिका तुरा. झिनियाचंही थोडं घेतलं, पण सगळे रंग शेजारी होते, मधमाश्यांनी काय मिसळलं असेल ते उगवल्यावरच कळेल. पिटुनिया संकरित होती, तिच्या बियांतून तोच रंग येईल याचा भरवसा नाही. ते घेतलं नाही.

हिशेब: पाकिटं आठ, त्यांतली दोन माझ्या चुकांची भरपाई. एकूण तास ६५ च्या आसपास, त्यांतले १४ चुका निस्तरण्यात. सर्वांत महाग चूक ओली माती खणण्याची नाही की बुरशीचीही नाही, वाफा कधी आणि कुठून बघणार हे न ठरवता पाकिटं उचलण्याची.

पुढच्या हंगामाची यादी दाराच्या आत चिकटवली आहे: पांढरी पिटुनिया सर्वांत आधी, तीन आठवड्यांनी साल्व्हिया (दहाच), आणखी आठवड्याने झेंडू आणि एकाच रंगाचा झिनिया. ॲलिसम यादीत नाही. विटांच्या फटीत तो आपोआप उगवायला लागला आहे.